बँकेचं कोड देणारं डबडं की फोनमधलं ॲप? तुमचे अनुभव सांगा

कृष्णाकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. इंग्लंडातल्या आमच्या बँकेचं पत्र आलंय. लॉगिनसाठी कोड देणारं जे छोटं यंत्र असतं ते बिघडलं तर नवं मागवण्यापेक्षा ॲप उतरवून घ्या, असा एकूण सूर. बँकेचं नाव लिहीत नाही, इथल्या बऱ्याच बँकांचा कल तोच आहे.

माझं आणि बायकोचं काही अडत नाही. प्रश्न सासूबाईंचा आहे. त्या आमच्याकडे राहतात, वय ७९, फोन बटणांचा, आणि स्वतःचं खातं स्वतः बघतात. चष्मा लावायचा, डायरी उघडायची, डबड्यावर आकडे दाबायचे, कोड संगणकावर टाकायचा. सगळं शिस्तीत. आता त्यांना स्मार्टफोन घ्यायला लावायचा, की मीच त्यांचं खातं माझ्या फोनवर घ्यायचं? दुसरं त्यांना मुळीच मान्य नाही.

भारतातल्या मंडळींसाठी: इथे दोन तऱ्हा आहेत. एचएसबीसीने २०११ पासून ‘सिक्युअर की’ दिली, म्हणजे खिशातल्या कॅल्क्युलेटरसारखं यंत्र, त्याचा पिन वेगळा. बार्कलेजचं ‘पिनसेंट्री’ त्याआधीचं, २००७ चं. त्यात आपलं डेबिट कार्ड खुपसायचं, कार्डाचा पिन दाबायचा, की आठ आकडी कोड येतो. नॅटवेस्ट आणि नेशनवाइडचे कार्ड रीडरही त्याच जातीचे.

तुमच्याकडे काय पद्धत आहे? यंत्र बरं की ॲप? आणि का?

तिखटमीठ

भारतात ओटीपी येतो, टाकतो, झालं. डबडी कोण सांभाळणार?

परदेशी_पाखरू

तिखटमीठ, ‘ओटीपी येतो’ हे तुम्ही पुण्यात बसून म्हणताय. सिंगापुरात बसून भारतातल्या एनआरई (अनिवासी भारतीयांच्या) खात्यावर काम करून बघा. त्या एका मेसेजसाठी भारतातलं सिम रिचार्ज करून जिवंत ठेवायचं, रोमिंगवर चालू ठेवायचं, आणि ओटीपी येतो तेव्हा पानाची मुदत संपलेली असते. काही बँका ईमेलवर ओटीपी देतात, त्यांना उदंड आयुष्य लाभो.

इथलं सांगते. सिंगापूरच्या मध्यवर्ती बँकेने २००५ मध्येच बँकांना दुहेरी ओळखपडताळणी करायला सांगितली होती. मग बँकांनी घरोघरी टोकनं, म्हणजे कोड देणारी छोटी यंत्रं, वाटली. एक काळ असा होता की प्रत्येकाच्या किल्ल्यांच्या जुडग्यात एक तरी टोकन लटकत असे. दोन बँका असतील तर दोन. लोक वैतागायचे, मीही वैतागायचे. फोनमधलं डिजिटल टोकन आलं तेव्हा सुटलो असं वाटलं.

पण एसएमएस मागे राहिलाच होता. डिसेंबर २०२१ मध्ये ओसीबीसीच्या ग्राहकांना खोटे मेसेज गेले. बँकेचे खरे मेसेज ज्या साखळीत येतात त्याच साखळीत हे दिसत होते, त्यामुळे शंका कोणाला येणार? ७९० ग्राहकांचे मिळून १.३७ कोटी सिंगापूर डॉलर गेले. त्यानंतर नियम आले: बँकेच्या मेसेजमध्ये लिंक नको, आणि नव्या फोनवर टोकन सुरू व्हायला किमान १२ तास थांबायचं. जुलै २०२४ मध्ये तर जाहीर झालं की ज्यांच्या फोनवर डिजिटल टोकन आहे त्यांना लॉगिनसाठी ओटीपी मिळणारच नाही, तीन महिन्यांत बंद. तेव्हा ‘ओटीपी आहे ना’ हे उत्तर जगात जुनं होत चाललंय.

तिखटमीठ

बरं बाई. पण १२ तास थांबायचं म्हणजे फोन बदलला त्या दिवशी पैसे पाठवायचे असतील तर?

परदेशी_पाखरू

तर थांबायचं. चोरालाही तेवढंच थांबावं लागतं, त्यासाठीच तर आहे ते. बाई नाही, ताई म्हणा हवं तर. :)

बिट्सबाबा

धागा आवडीचा आहे, त्यामुळे लांबण लागणार. कंटाळा आला तर शेवटचा परिच्छेद वाचा.

वर ज्या दोन तऱ्हा सांगितल्यात त्यांच्यात आतून फार फरक आहे. पहिल्या तऱ्हेच्या यंत्रात एक गुप्त आकडा कारखान्यातच भरलेला असतो. अशा बऱ्याच यंत्रांत घड्याळही असतं. ठरावीक सेकंदांनी त्या दोघांतून नवा कोड तयार होतो, बँकेचा सर्व्हर स्वतःकडे तोच हिशोब करतो, आणि दोन्ही जुळले की दार उघडतं. दुसऱ्या तऱ्हेत, म्हणजे कार्ड रीडरमध्ये, गुपित काहीच नसतं. गुपित तुमच्या कार्डाच्या चिपमध्ये असतं. चिप स्वतःचा एक मोजणी-आकडा दर वेळी वाढवते आणि त्यावरून कोड काढते. रीडर म्हणजे फक्त बटणं आणि पडदा. म्हणून शेजाऱ्याचा रीडर आपल्याला चालतो, बऱ्याचदा दुसऱ्या बँकेचासुद्धा.

याचा फायदा २०११ मध्ये कळला. त्या मार्चमध्ये आरएसए कंपनीवर सायबर हल्ला झाला आणि तिच्या ‘सिक्युअरआयडी’ टोकनांशी संबंधित माहिती चोरीला गेली. पुढे लॉकहीड मार्टिन या अमेरिकी शस्त्रास्त्र कंपनीवरच्या हल्ल्यात ती वापरली गेली आणि आरएसएवर ग्राहकांना टोकनं बदलून द्यायची वेळ आली. गुपितं एकाच तिजोरीत असली की हे होतं.

आता मुख्य मुद्दा. कोड तीस सेकंदांत बदलतो म्हणून आपण निर्धास्त असतो. २००६ मध्ये सिटीबँकेच्या अमेरिकेतल्या व्यावसायिक ग्राहकांना खोट्या पानावर नेलं गेलं. त्या पानाने पासवर्ड मागितला, टोकनवरचा कोड मागितला, आणि दोन्ही त्याच क्षणी खऱ्या साइटवर पुढे सरकवले. तेवढा वेळ भरपूर झाला. म्हणजे फक्त ‘मी आहे’ एवढंच सांगणारा कोड कोणाच्याही हाती पडला तर तोही ‘मी आहे’ म्हणू शकतो.

यावर उपाय म्हणजे कोड व्यवहाराला बांधायचा. नवीन माणसाला पैसे पाठवताना यंत्रावर त्याच्या खात्याचे आकडे आणि रक्कम टाकायला लावतात ते उगाच छळायला नाही. तो कोड त्या खात्याला आणि त्या रकमेलाच चालतो. चोराने पळवला तरी त्याच्या स्वतःच्या खात्यासाठी उपयोग शून्य.

पण इथेही मेख आहे. केंब्रिज विद्यापीठाच्या ड्रायमर, मर्डोक आणि अँडरसन यांनी २००९ मध्ये ब्रिटिश कार्ड रीडर उघडून तपासले. त्यांचं एक म्हणणं असं की यंत्राच्या पडद्यावर नुसता ‘आकडा टाका’ असा आदेश येतो. तो आकडा खात्याचा आहे की बँकेने दिलेला कुठलाही, हे माणसाला कळत नाही. खोटं पान म्हणालं ‘पडताळणीसाठी हा क्रमांक टाका’, आणि तो चोराच्या खात्याचा निघाला, तर? दुसरं जास्त भयानक: पिन बरोबर की चूक हे रीडर जागच्या जागी सांगतो. कार्ड हिसकावून पिन विचारणाऱ्या गुंडाला एटीएमपर्यंत जायचीही गरज नाही.

शेवटचा परिच्छेद: यंत्र की ॲप हा वाद दुय्यम आहे. ज्या पडद्यावर ‘अमुक खात्यावर अमुक रक्कम’ असं स्पष्ट लिहून येतं आणि ते वाचूनच बटण दाबावं लागतं, ती पद्धत चांगली. मग तो पडदा डबड्याचा असो की फोनचा.

हणमंत_हायडेलबर्ग

बिट्सबाबांशी सहमत, आणि ते सांगतात तसं यंत्र जर्मनीत सर्रास आहे. इथे पूर्वी कागदावर छापलेली कोडची यादी मिळायची, एकेक वापरून खोडायचा. युरोपचा नवा नियम १४ सप्टेंबर २०१९ ला लागू झाला तेव्हा ती यादी बाद झाली. आता ॲप, नाहीतर चिपटॅन.

चिपटॅनची गंमत बघण्यासारखी आहे. संगणकाच्या पडद्यावर काळ्या-पांढऱ्या पट्ट्या लुकलुकतात. यंत्रात कार्ड घालून ते पडद्याला टेकवून धरायचं. त्या लुकलुकीतून यंत्र व्यवहाराची माहिती वाचतं आणि स्वतःच्या पडद्यावर खातं आणि रक्कम दाखवतं. पटलं तर ठीक दाबा, मग कोड येतो. ना इंटरनेट, ना सिम, ना ब्लूटूथ. नव्या यंत्रांत पट्ट्यांऐवजी क्यूआर कोड आहे.

तोटे: पडद्याचा उजेड कमी असेल तर पट्ट्या वाचत नाही, हात हलला तर वाचत नाही, आणि यंत्र स्वतःच्या पैशाने घ्यावं लागतं. माझ्या घरमालकीणबाई ते कपाळावर आठ्या घालून पडद्याला चिकटवून बसतात, पण ॲपला हात लावत नाहीत.

एसएमएसवर इथेही विश्वास उडालाय. २०१७ च्या सुरुवातीला मोबाइल कंपन्यांमधल्या एसएस७ या जुन्या जोडणीतल्या भोकातून ओटू कंपनीच्या काही ग्राहकांचे बँक-कोड वाटेतच वळवून घेतले गेले. ग्राहकांचा फोन त्यांच्याच खिशात होता.

ताळेबंद

मी सीए आहे, सांगलीत प्रॅक्टिस. तुम्ही लोक यंत्राच्या आत काय आहे ते सांगताय, मी यंत्र कुठे असतं ते सांगतो. ड्रॉवरमध्ये.

भारतात डबडी नाहीत असं कोण म्हणालं? डीएससीचं, म्हणजे डिजिटल सहीचं, यूएसबी टोकन काय आहे मग? आयकर, एमसीए (कंपनी मंत्रालय), जीएसटी, सरकारी टेंडर, आणि काही कंपन्यांच्या नेटबँकिंगलाही तेच. तांत्रिकदृष्ट्या उत्तम गोष्ट. सहीची खाजगी किल्ली टोकनच्या बाहेर येतच नाही. पण आमच्याच काय, कुठल्याही सीएच्या ऑफिसात जा. क्लायंटची टोकनं एका डब्यात, प्रत्येकाला नावाची चिठ्ठी, आणि बहुतेकांचा पासवर्ड एक ते आठ, ओळीने. मालक म्हणतो, “साहेब, तुमच्याकडेच राहू दे, मला काय कळतंय.” ज्या वस्तूचा अर्थ ‘मी स्वतः सही केली’ असा आहे ती वर्षभर दुसऱ्याच्या ड्रॉवरमध्ये. आमच्या ऑफिसात मी टोकनं परत पाठवायला लागलो तेव्हा दोन क्लायंट रागावले की विश्वास उरला नाही का म्हणून.

कंपन्यांच्या खात्याला मेकर-चेकर असतो. एकाने व्यवहार भरायचा, दुसऱ्याने तपासून मंजूर करायचा. चेकरसाहेब लग्नाला गावी गेले की त्यांचं टोकन मेकरच्या टेबलावर. झाली दुहेरी पडताळणी.

कृष्णाकाठ, तुमच्या सासूबाई स्वतःचं यंत्र स्वतः वापरतात आणि जावयालाही देत नाहीत. त्यांच्याकडून माझ्या क्लायंटांनी शिकवणी लावावी.

तिखटमीठ

ताळेबंदकाका, ड्रॉवरवाला प्रतिसाद फ्रेम करून लावा ऑफिसात. =))

स्पर्शरेषा

मला फार कमी दिसतं. माझं मत थोडं वेगळं पडेल.

डबड्याचा पडदा बारीक, राखाडीवर करडे आकडे, आणि उजेड नाही. भिंग लावून वाचेपर्यंत कोड बदलतो. बँकेत तक्रार केली की म्हणतात, घरातल्या कोणाला तरी वाचायला सांगा. म्हणजे ज्या एका गोष्टीबद्दल सगळे ‘कोणाला सांगू नका’ म्हणतात तीच मी दुसऱ्याकडून वाचून घ्यायची. मागितल्यावर काही ब्रिटिश बँका मोठ्या बटणांचं किंवा बोलणारं यंत्र देतात असं तिथल्या मैत्रिणीने सांगितलं, तिच्याकडे तसं आहे. इथे माझ्या शाखेत विचारलं तर समोरच्यांना प्रश्नच समजला नाही.

फोनवर मात्र स्क्रीन रीडर आहे, बोट टेकवलं की वाचून दाखवतो. म्हणून मला ॲप हवं. पण त्यातही कुठे तरी कॅप्चाचं चित्र घालून ठेवतात, कुठे आकड्यांचा कीबोर्ड दर वेळी जागा बदलतो आणि त्याला नावंच दिलेली नसतात. सुरक्षेसाठी केलंय म्हणे. त्या कीबोर्डसमोर चोर आणि मी सारखेच.

बिट्सबाबा

स्पर्शरेषा, बरोबर आहे तुमचं, माझ्या लांबलचक प्रतिसादात हा विचार आलाच नव्हता. ‘वाचूनच बटण दाबावं’ म्हणताना वाचता येईल असा पडदा हे गृहीत धरलं होतं.

रोखठोक

सगळे यंत्राच्या गुणदोषांत रमलेत. मूळ प्रश्न पैसे गेल्यावर कोणाचे जातात हा आहे. यंत्र हातात दिलं की बँक म्हणते, कोड तुमच्या यंत्रातून निघाला, म्हणजे तुम्हीच केलंत. विषय संपला. मजबूत कुलूप बसवून देणारा घरमालकच चोरी झाल्यावर ‘किल्ली तर तुझ्याकडेच होती’ म्हणतो त्यातला प्रकार.

भारतातल्यांनी ६ जुलै २०१७ चं रिझर्व्ह बँकेचं परिपत्रक वाचून ठेवा. बँकेची चूक असेल तर ग्राहकाची जबाबदारी शून्य. चूक बँकेचीही नाही, तुमचीही नाही, मधल्याच कोणाची, आणि तुम्ही तीन कामाच्या दिवसांत कळवलंत, तरीही शून्य. चार ते सात दिवसांत कळवलंत तर मर्यादित. आणि ग्राहकाची चूक सिद्ध करायची जबाबदारी बँकेवर आहे, तुमच्यावर नाही. सहकारी बँकांसाठी तसंच परिपत्रक त्याच वर्षी डिसेंबरात निघालं. शाखेत हे कोणी आपणहून सांगत नाही. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लगेच, तक्रार लेखी, पोच घ्यायची.

मात्र तुम्ही स्वतः कोड वाचून दाखवलात तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं, हेही त्यातच लिहिलंय.

कृष्णाकाठ

रोखठोक, इंग्लंडात याच्या पुढची गोष्ट झाली आहे. फसवून तुमच्याच हातून पैसे पाठवायला लावले, तरी ७ ऑक्टोबर २०२४ पासून बँकांना बहुतेक प्रकरणांत भरपाई द्यावी लागते, ८५,००० पौंडांपर्यंत. निम्मी पाठवणाऱ्या बँकेने, निम्मी घेणाऱ्या बँकेने. तेव्हापासून बँका व्यवहाराच्या आधी दहा प्रश्न विचारतात, ‘तुम्हाला कोणी फोनवर असं करायला सांगितलंय का’ वगैरे. सासूबाई त्या प्रश्नांची मोठ्याने उत्तरं देतात, संगणकाला.

मुळामुठा

यंत्रावर एवढं बोलणं चाललंय म्हणून एक आठवण करून देतो. ऑगस्ट २०१८, कॉसमॉस बँक, आमचं पुणं. दोन-तीन दिवसांत ९४ कोटींच्या वर रक्कम गेली. कोणाही ग्राहकाने ओटीपी दिला नव्हता. एटीएम व्यवहारांना मंजुरी देणारी यंत्रणाच भामट्यांनी बाजूला सारली आणि नकली कार्डांनी कितीतरी देशांतल्या एटीएममधून पैसे काढले. ग्राहकाच्या खिशातल्या डबड्याचा तिथे काय संबंध?

बिट्सबाबा

काही नाही. पण मुळामुठा, तो पैसा बँकेचा गेला, ग्राहकांच्या खात्यातून नाही. हा धागा ग्राहकाच्या दाराबद्दल आहे.

परदेशी_पाखरू

बिट्सबाबा, एक शंका. माझ्या ऑफिसात लॉगिनला यूएसबीची छोटी किल्ली आहे, नुसतं बोट लावायचं, आकडे नाहीत. बँका तेच का देत नाहीत?

बिट्सबाबा

ती फायडो नावाच्या मानकाची. तिचं वैशिष्ट्य असं की आपण कुठल्या साइटवर आहोत हे माणसाऐवजी ब्राउझर आणि किल्ली मिळून तपासतात. नाव एका अक्षराने वेगळं असलं तरी किल्ली उत्तर देत नाही, त्यामुळे वर सांगितलेलं खोटं पान तिथेच अडतं. गूगलने २०१८ मध्ये सांगितलं होतं की ८५,००० हून अधिक कर्मचाऱ्यांना अशा किल्ल्या सक्तीच्या केल्यापासून एकाचंही कामाचं खातं अशा फसवणुकीत गेलेलं नाही.

बँकांची अडचण वेगळी, असं मला वाटतं. त्या साध्या किल्लीला पडदा नसतो, मग ‘अमुक खात्यावर अमुक रक्कम’ दाखवणार कुठे? शिवाय किल्ली हरवली की लाखो लोक शाखेत रांगेत. पण निव्वळ लॉगिनसाठी ती आजही सगळ्यात चांगली, आणि फोनमधली पासकी म्हणजे तीच कल्पना.

भारतातही हवा बदलते आहे. रिझर्व्ह बँकेचे सप्टेंबर २०२५ मधले निर्देश १ एप्रिल २०२६ पासून लागू, त्यांत एसएमएस ओटीपीशिवायचे मार्गही मोकळे ठेवलेत. दोन वेगवेगळे घटक हवेत, आणि त्यातला एक त्या व्यवहारापुरता नव्याने तयार झालेला, ही मूळ अट. बँकांच्या साइट डॉट बँक डॉट इन वर नेल्या आहेत तेही लक्षात ठेवा. पत्त्याच्या शेवटी ते नसेल तर पासवर्ड टाकण्याआधी बँकेला विचारा.

कृष्णाकाठ

सर्वांचे आभार. इथल्या एका सल्लाकेंद्रात विचारून आलो. इथल्या नियामकाने, म्हणजे एफसीएने, दुहेरी पडताळणीचा नियम लागू करतानाच सांगितलं होतं की ज्यांच्याकडे मोबाइल नाही अशा ग्राहकांसाठीही बँकांनी काही मार्ग ठेवावा. त्याचा दाखला देऊन पत्र लिहिलं, फोनवर मागण्यापेक्षा लेखी मागा असं तिथल्या बाईंनी सुचवलं. बँकेचं उत्तर आलं: नवं यंत्र पाठवतो. मोठ्या बटणांचं हवं का असंही विचारलंय. स्पर्शरेषा, तुमच्या प्रतिसादामुळे तो पर्याय असू शकतो हे माहीत होतं, म्हणून लगेच हो म्हणालो.

सासूबाईंना मात्र जुनंच बरं वाटतं. बॅटरी संपेपर्यंत तेच वापरणार आहेत.

हणमंत_हायडेलबर्ग

नवं यंत्र चालू केल्यावर बऱ्याच बँकांत जुनं आपोआप बंद होतं, आधी विचारून घ्या. नाहीतर ऐन बिल भरायच्या दिवशी जुन्यातला कोड चालणार नाही.

कृष्णाकाठ

अरे हो. विचारतो.

तिखटमीठ

आणि सासूबाईंना सभासद करून घ्या इथे.